तुमचा सीडी प्लेअर कसा चालला आहे?

जुना, स्वस्तातला हाय-फाय सीडी प्लेअर घ्यावा का, असे विचारणारे वाचक अजूनही भेटतात. दुकानदाराचे मत सर्वांना ठाऊक असते. म्हणून आम्ही चंद्रपूर, बल्लारपूर, राजुरा, वडसा आणि अहेरी इथल्या ओळखीच्या घरांत जाऊन, ज्यांनी ही वस्तू दहा-पंधरा वर्षे वापरली आहे त्यांनाच विचारले.

योगायोग पाहा. चंद्रपुरातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी, आणि सोनीचा पहिला सीडी प्लेअर जपानच्या बाजारात आला तो त्याच वर्षी १ ऑक्टोबरला. किंमत होती १,६८,००० येन! आपल्या भागात सीडी घराघरांत दिसू लागायला मात्र पुढची वीसेक वर्षे गेली. ती दोन रूपांत आली. एक म्हणजे सौदीहून किंवा दुबईहून कुणा मामूंनी आणलेली मिनी सिस्टिम. रेडिओ, कॅसेट, सीडी सगळे एकत्र. दुसरा म्हणजे फक्त सीडी वाजवणारा चपटा डबा, जो वेगळ्या अॅम्प्लिफायरला जोडावा लागतो. जाणकार हाय-फाय म्हणतात ते या दुसऱ्याला.

बल्लारपूरला कागद कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका बुजुर्गांकडे असा डबा आहे, मॅरांट्झचा, नागपुरात जुना घेतलेला. त्यांचे मत ठाम आहे: कव्वालीत टाळ्या देणारे किती जण बसलेत ते कॅसेटवर कळत नाही, यावर मोजता येतात. बेगमसाहिबांचे मतही तितकेच ठाम आहे: डबे दोन, तारा सात, आणि झाडताना एखादी निघाली की आठ दिवस घरात अबोला. राजुऱ्याच्या खालाजानची मिनी सिस्टिम रोज चालते, पण रेडिओसाठी. सीडीच्या ट्रेमध्ये त्या शिलाईच्या सुया ठेवतात. हेही मालकाचे मतच म्हणायचे.

काही घरांत वाद्यांचे संगीत लावत नाहीत. तिथे किरात आणि नात चालते. चांगल्या प्लेअरचा फायदा या घरांना सर्वांत जास्त होतो, असे आम्हाला वाटते. वाद्ये नसली की आवाजातला खोट लपत नाही. कारी अब्दुल बासित यांची तिलावत कॅसेटवर ऐकताना दोन आयतींमधल्या शांततेत टेपची सरसर ऐकू येते. चांगल्या सीडीवर तिथे खरोखर शांतता असते.

अहेरीच्या शिक्षकमित्रांचे उत्तर सगळ्यात व्यवहारी होते. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, अहेरीच्या पलीकडे मोबाइलची रेंजही भरवशाची नसते. इंटरनेटवरची गाणी तिथे काय कामाची? सीडीला रेंज लागत नाही.

आता तक्रारी. सर्वांची पहिली तक्रार एकच: सीडी आत आहे आणि पडद्यावर ‘नो डिस्क’. कोळशाची धूळ, मे महिन्यातला ४५ अंशांवरचा पारा आणि त्यानंतरची चार महिन्यांची ओल, हे सगळे त्या छोट्याशा प्लॅस्टिकच्या लेन्सवर बसते. पुष्कळदा कापसाच्या काडीवर मोबाइलवाले वापरतात ते आयपीए घेऊन हलक्या हाताने पुसले की काम होते. ट्रे अडकत असेल तर आतला रबरी बेल्ट सैल झालेला असतो. लेन्सचा सबंध भागच गेला, तरी कित्येक स्वस्त प्लेअरमध्ये सोनीचा केएसएस-२१३ हा एकच भाग असतो आणि तो अजून काही शे रुपयांत मिळतो. वडशाचे एक मेकॅनिक म्हणाले, महागड्या प्लेअरपेक्षा हे बरे; त्यांची लेन्स शोधायला मुंबई गाठावी लागते. सौदीहून आणलेल्या सिस्टिमच्या मागे व्होल्टेजचे बटण असते, ते २२०-२४० वर आहे ना एवढे मात्र प्लग लावण्याआधी पाहावे.

दुसरी तक्रार एमपी३ची. एका सीडीत दीडशे गाणी भरून आणायची आणि जुना हाय-फाय प्लेअर ती ओळखतच नाही. यात प्लेअरचा दोष नाही. तो बनला तेव्हा एमपी३ घराघरांत आलेच नव्हते.

मग घ्यावा का? घरात अॅम्प्लिफायर आणि स्पीकर आधीच असतील तर जरूर घ्या. नसतील तर एका डब्यासाठी सगळा पसारा मांडू नका. घेताना तासाभराची भरलेली सीडी सोबत न्या आणि शेवटचे गाणे लावून पाहा. सीडी आतून बाहेरच्या कडेकडे वाचली जाते. थकलेला प्लेअर पहिले गाणे झोकात वाजवतो आणि शेवटच्या गाण्यावर अडखळतो.

पण या फेरीत आम्हाला प्लेअरपेक्षा सीडीचीच काळजी जास्त वाटली. बाजारातली छापील सीडी नीट ठेवली तर टिकते. लग्नाची, आकिक्याची, घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आवाजाची जी सीडी आपण दुकानातून राइट करून आणली, तिच्यात माहिती रंगाच्या पातळ थरात असते. ऊन आणि उष्णता तो थर खाते. शिवाय हा थर चकचकीत बाजूला नसून, आपण नाव लिहितो त्या बाजूला, वार्निशाच्या अगदी खाली असतो. चकचकीत बाजूचा ओरखडा बऱ्याचदा पॉलिशने निघतो. वरच्या बाजूला बॉलपेनने दाबून लिहिले की तिथला आवाज गेलाच.

चंद्रपूरच्या एका घरात दादाजानच्या आवाजातल्या अकरा नातींची अशी सीडी होती. ते हयात नाहीत, दुसरी प्रत नाही. प्लेअर बिघडला म्हणून ती चार वर्षे कपाटावर, पत्र्याच्या छताखाली पडून होती. प्लेअर साडेचारशे रुपयांत दुरुस्त झाला. नातवाने सीडी संगणकावर उतरवून दोन पेन ड्राइव्हमध्ये ठेवली, एक फुफूकडे नागपूरला पाठवला. नऊ नाती आल्या. दहावी अर्ध्यावर तुटते, अकरावी उघडतच नाही. ती कोणती होती हे घरात आता फक्त दादीजानला आठवते, आणि नातवाने ती त्यांच्याकडून ऐकून फोनवर भरून घेतली आहे.