वावड्याची टक्केवारी

काजू, बदाम, अक्रोड हे आपल्याकडे सुबत्तेचे आणि आदरातिथ्याचे लक्षण मानले जाते. त्यांचा एखादा तुकडा कुणाच्या जिवावर उठू शकतो, हे ऐकून पुष्कळांना ते पाश्चात्त्यांचे खूळ वाटते. परंतु या ॲलर्जीत शरीराची संरक्षणयंत्रणा निरुपद्रवी प्रथिनालाच शत्रू समजते. अंगावर गांधी उठण्यापासून श्वास कोंडून रक्तदाब कोसळण्यापर्यंत तिची मजल जाते.

जगात अशी माणसे किती? २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात ३६ अभ्यास एकत्र तपासले गेले. वैद्यकीय देखरेखीखाली पदार्थ खाऊ घालून खात्री केलेले प्रमाण २ टक्क्यांच्या आत आढळले. केवळ 'संभाव्य' रुग्ण धरले, तर ते ०.०५ पासून ४.९ टक्क्यांपर्यंत पसरते. युरोपात हेझलनट, तर अमेरिकेत अक्रोड व काजू अधिक बाधतात. अमेरिकेतील दूरध्वनी-पाहणीत मुलांमधील हे प्रमाण १९९७ मध्ये ०.२ टक्के होते. २००८ मध्ये ते १.१ टक्के झाले. जपानने २०२३ मध्ये वेष्टनावर अक्रोडाचा उल्लेख सक्तीचा केला, तोही रुग्ण वाढल्यामुळेच.

आपल्याकडे कर्नाटकातील प्रौढांच्या एका अभ्यासात २६.५ टक्के लोकांच्या रक्तात अन्नपदार्थांविरुद्धची प्रतिपिंडे सापडली. परंतु सर्व पदार्थ मिळून संभाव्य ॲलर्जी अवघ्या १.२ टक्क्यांना होती. तेव्हा निव्वळ रक्ततपासणीवरून घाबरून जाऊन मुलांचा सकस आहार तोडणे चूक आहे. तितकीच चूक हा आकडा क्षुल्लक मानण्यात आहे. आपल्या लोकसंख्येत एक टक्का म्हणजे एक कोटीहून अधिक माणसे.

भारतातही २०२० च्या नियमांनी वेष्टनबंद पदार्थांवर शेंगदाणे व कवचफळे यांची नोंद आवश्यक केली आहे. पण सुट्या मिठाईला आणि लग्नाच्या पंगतीला वेष्टन नसते. रश्श्यात वाटून घातलेला काजू डोळ्यांना दिसत नाही. अशा वेळी 'यात काय आहे?' या प्रश्नाला आचाऱ्याने वा यजमानाने नेमके उत्तर देणे, एवढाच काय तो रुग्णाचा आधार. 'थोडे खाल्ल्याने काही होत नाही' असा आग्रह हा पाहुणचार नव्हे. ज्याला काजू वर्ज्य आहे, त्याच्या पानात तो न वाढणे यातच त्याचा मान आहे.