लपवलेली ठेच

"आई, तू एवढी शिकलेली, छत्तीस वर्षं शाळेत शिकवलंस, आणि तुला एवढं कळलं नाही?" मुलगा हे बोलला तेव्हा मी त्या घरात बसलो होतो. बाईंनी उत्तर दिलं नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्या खाली बघत राहिल्या. ज्यांच्या नुसत्या नजरेने अख्खा वर्ग चिडीचूप व्हायचा, त्या बाई स्वतःच्या घरात आरोपीसारख्या बसल्या होत्या. त्यांना लुबाडणारा माणूस त्या वेळी कुठेतरी निर्धास्त होता. त्याला कोणीच काही विचारत नव्हतं.

घडलं ते असं. मुदत ठेवीचं नूतनीकरण करायला बाई बँकेत गेल्या. काउंटरमागचा मुलगा त्यांच्या एखाद्या जुन्या विद्यार्थ्यासारखाच. "मॅडम, एक क्रेडिट कार्ड घ्या ना. महिनाअखेर आहे, माझं टार्गेट राहिलंय." बाईंना कार्ड नको होतं, पण मुलाची दया आली. ठेवीच्या कागदांबरोबर त्यांनी आणखी तीन सह्या केल्या. कार्ड आलं आणि कपाटात पडून राहिलं. मग फोन सुरू झाले. मर्यादा वाढवून देतो, विमा जोडून देतो, दुसरं कार्ड आजन्म मोफत देतो. दिवसाला चार-चार, पाच-पाच. हे सगळे फोन खऱ्या कंपन्यांचे होते. सहा महिन्यांनी एक फोन आला तो चोराचा. कार्डावर वार्षिक शुल्क लागणार आहे, रद्द करायचं असेल तर आज संध्याकाळपर्यंत फॉर्म भरा, व्हॉट्सअॅपवर फाइल पाठवलीय ती फक्त उघडा. आवाज तसाच, अदब तशीच आणि घाईही तशीच. बाईंनी फरक ओळखायचा तरी कशावरून?

माझा पहिला आरोप इथे आहे. अनोळखी माणसाने भर दुपारी फोन करावा, नाव-पत्ता-जन्मतारीख विचारावी, "ऑफर आजच संपतेय" म्हणून घाई करावी आणि आपण मुकाट्याने सांगत जावं, ही सवय लोकांना चोरांनी लावलेली नाही. ती प्रतिष्ठित बँकांनी आणि त्यांच्या एजंटांनी लावली. वर्षानुवर्षं त्यांनी ग्राहकाला हाच धडा गिरवायला लावला. चोराने तयार शेतात फक्त कापणी केली. वर त्याच बँका जाहिराती देतात की सावध राहा, अनोळखी फोनवर विश्वास ठेवू नका. ज्यांनी दार सताड उघडं ठेवायला शिकवलं त्यांनीच कडी लावली नाही म्हणून घरमालकाला दोष द्यावा, हा अन्याय आहे.

दुसरी गोष्ट मी त्यांच्या फोनवर स्वतः वाचली. ओटीपीच्या संदेशात स्पष्ट इशारा होता की हा आकडा कोणालाही सांगू नका. तो इशारा इंग्रजीत होता. चोर मात्र त्यांच्याशी अस्खलित मराठीत बोलला. आधी "मॅडम", मग "मावशी" म्हणाला. दीडशे वर्षांपूर्वी पुणे आणि नगर जिल्ह्यांतला शेतकरी वाचता न येणाऱ्या कर्जखतावर असाच अंगठा उठवत होता. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांच्या वह्या आणि खतं जाळली; आपल्याला कशाने बांधलंय तेच त्यांना कळत नव्हतं. आज पदवीधर माणूस वीस पानांच्या अटी न वाचता "मान्य आहे" वर बोट ठेवतो. अंगठ्याच्या जागी बोट आलं, पण कागद अजूनही त्याच्या भाषेत आलेला नाही. मराठीच्या अभिमानावर सभा गाजवणाऱ्या आपण किती जणांनी आपल्या बँकेकडे मराठीत संदेश मागितले? मी मागितले नव्हते, हे कबूल करतो.

आता त्या फाइलविषयी. ती फॉर्म नव्हती, ते अॅप होतं. अशा फाइलच्या नावाच्या शेवटी 'एपीके' ही अक्षरं असतात. ती उघडून मागेल ती परवानगी दिली, की फोनवर येणारे संदेश परस्पर चोराकडे जाऊ शकतात. मग त्याला ओटीपी विचारण्याचीही गरज उरत नाही. बाईंच्या कार्डावरून पहिल्या दिवशी ४९,००० रुपये गेले. त्यांनी संदेश पाहिला, हात कापायला लागले, आणि त्यांनी काय केलं? फोन बंद करून साड्यांच्या कपाटात ठेवला. अकरा दिवस त्या कोणाशी बोलल्या नाहीत. अधूनमधून फोन चालू करून पाहायच्या आणि पुन्हा आत ठेवायच्या. त्या अकरा दिवसांत आणखी दोनदा रक्कम गेली.

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात अशा नुकसानीबाबत स्वच्छ सांगितलं. ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे पहिल्याच दिवशी एक फोन केला असता तर पुढच्या दोन रकमांचा बोजा बाईंवर पडला नसता. १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर लगेच तक्रार गेली असती, तर पहिली रक्कमही वाटेत कुठल्यातरी खात्यात गोठवता येण्याची शक्यता होती. चोरलेला पैसा काही तासांतच या खात्यातून त्या खात्यात पळवला जातो. जितका उशीर, तितका तो हाताबाहेर. बाईंना हे माहीत नव्हतं, हे खरं. पण माहीत असतं तरी त्या बोलल्या असत्या का? मुलगा काय म्हणेल, सून काय म्हणेल, सोसायटीत कोण हसेल, याच भीतीने त्यांचं तोंड बंद केलं होतं. आणि ती भीती खोटी नव्हती, हे त्या संध्याकाळी मुलाच्या पहिल्याच वाक्याने सिद्ध केलं.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असं आपण म्हणतो. पण आपल्या मध्यमवर्गाने पुढच्याला ठेच लपवायला शिकवलंय. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण आज चोरांची सर्वांत मोठी मदतनीस आहे. एका इमारतीत एकाच पद्धतीने तीन घरं लुटली जातात आणि तिन्ही घरं एकमेकांपासून ते लपवतात. फसलेल्याला मूर्ख म्हणण्यात आपल्याला एक सुख मिळतं, की मी तसा नाही. हे सुख घेणारा प्रत्येक जण पुढच्या बळीच्या तोंडावर हात ठेवतो आहे. तोतया अधिकारी व्हिडिओ कॉलवर करतात तो 'डिजिटल अटक' नावाचा प्रकार भारतीय कायद्यात कुठेच नाही, तरी सुशिक्षित माणसं दिवसचे दिवस कॅमेऱ्यापुढे कैद राहिली. अधिकाऱ्याचा आवाज चढला की मान खाली घालायची आणि घरातली गोष्ट घरात ठेवायची, हे दोन्ही संस्कार आपणच त्यांच्यावर केले आहेत.

आणि पळवलेला पैसा ज्या खात्यांत जातो ती खाती कोणाची? दोन-पाच हजारांसाठी आपलं पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम दुसऱ्याच्या हाती देणारी मुलं आपल्याच गावांतली असतात. घरात अचानक पैसे आले तेव्हा ते कुठून आले हे न विचारणारे आईबापही आपल्यातलेच. लकी ड्रॉच्या डब्यात नातेवाइकांचे नंबर लिहून टाकणारे, सभासदांची यादी एजंटला देणारे सोसायटीचे पदाधिकारी, हेही याच साखळीतले. दुसऱ्याची माहिती ही दुसऱ्याची मालमत्ता आहे, ही जाणीवच आपल्यात रुजलेली नाही.

कायदा नाही असं नाही. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार न मागता कार्ड देण्यास बंदी आहे. असं कार्ड देऊन आकारणी केली तर बँकेला ती मागे घेऊन वर दुप्पट दंड ग्राहकाला द्यावा लागतो. थकबाकी नसेल तर कार्ड बंद करण्याची विनंती सात कामकाजाच्या दिवसांत पुरी करायची, नाहीतर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला. आपल्या मोबाइलवरून १९०९ वर 'स्टार्ट ०' असा इंग्रजी संदेश पाठवला की जाहिरातीच्या फोनना नकार नोंदला जातो. त्यानंतरही फोन आला तर सात दिवसांत त्याच क्रमांकावर तक्रार करता येते. जाहिरातीच्या फोनसाठी १४० ने आणि बँकांच्या सेवेच्या फोनसाठी १६०० ने सुरू होणारे क्रमांक ठरवले आहेत. साध्या दहा आकडी मोबाइलवरून कोणी बँकेच्या नावाने बोलला, तर फोन ठेवून कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर आपण स्वतः फोन करावा. बँकेने तक्रारीला तीस दिवसांत उत्तर दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट दाद मागता येते. हे सगळं आहे. पण जो बोलतच नाही त्याच्या कामाला ते कसं येणार?

म्हणून माझी विनंती घरातल्या कर्त्या मुलामुलींना आहे. आई-वडिलांच्या फोनवर आज १९०९ चा संदेश पाठवून द्या, १९३० हा क्रमांक मोठ्या अक्षरात लिहून फोनशेजारी लावा. दहा मिनिटांचं काम आहे. पण त्याआधी त्यांना सांगा की पैसे गेले तर पहिल्या मिनिटाला मला हाक मार, मी एक शब्दही बोलणार नाही. आणि हा शब्द पाळा.

गेल्या महिन्यात आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघात बाईंनी स्वतः उभं राहून सगळं सांगितलं. फाइल कशी आली, आपण काय दाबलं, अकरा दिवस कसे काढले, काहीही लपवलं नाही. मुलगा पहिल्या रांगेत बसला होता. सभा संपल्यावर दोन बायका बाईंजवळ मागे थांबल्या. त्या दोघींनीही आपल्या घरी अजून काही सांगितलेलं नव्हतं.