ग्रामीण प्रशिक्षण : प्रमाणपत्रानंतरचा प्रश्न

ग्रामीण रोजगाराचा विचार या देशात बहुधा दोन स्वतंत्र दालनांत चालत आला आहे. एका दालनात काम देण्याची योजना होते, दुसऱ्यात काम शिकविण्याची. पहिल्याचा कारभार हजेरीपटावर चालतो, दुसऱ्याचा प्रमाणपत्रावर. आणि या दोन कागदांची गाठ क्वचितच पडते. खेड्यातील तरुण मात्र एकच असतो. पावसाळ्यात तो शेतावर राबतो, उन्हाळ्यात माती वाहतो, मधल्या एखाद्या वर्षी तालुक्याच्या गावी राहून मोटार रिवाइंडिंग किंवा वायरिंग शिकतो, आणि शिक्षण संपताच पुन्हा माती वाहू लागतो. त्याच्या आयुष्यात या गोष्टी एकमेकींना लागून असतात; शासनाच्या दप्तरात त्या निरनिराळ्या खात्यांच्या कपाटांत असतात.

काम देण्याच्या बाजूने महाराष्ट्राने जे केले त्याचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. वि. स. पागे यांच्या प्रेरणेने १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात विसापूर येथे जो प्रयोग सुरू झाला, त्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७२ च्या दुष्काळाने तिची निकड सर्वांच्या डोळ्यांसमोर आणली, १९७७ मध्ये विधिमंडळाने तिला कायद्याचे रूप दिले आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा अमलात आला. मागेल त्याला काम, आणि पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास बेकारी भत्ता, हे तत्त्व प्रथमच कायद्याच्या भाषेत उतरले. शहरातील नोकरदारांनी व्यवसाय कर भरावा आणि त्यातून खेड्यातील मजुराला काम मिळावे, ही कल्पनाही त्या काळी लहान नव्हती. पुढे २००५ मध्ये संसदेने देशव्यापी कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव समोर होता.

परंतु या हमीच्या पोटातच एक उणीव होती. तिने देऊ केलेले काम ‘अकुशल’ होते, आणि तो शब्द कामापुरता न राहता माणसालाही चिकटला. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते यांवर दहा वर्षे राबलेल्या माणसाला मातीचा थर किती जाडीचा टाकावा, पाणी कधी शिंपावे, पिचिंगचा दगड कोणत्या तोंडाने बसवावा, हे पक्के ठाऊक झालेले असते. कनिष्ठ अभियंता प्रसंगी त्याच्याच सल्ल्याने चालतो. तरीही अकराव्या वर्षी त्याचे नाव हजेरीपटावर त्याच रकान्यात पडते. हाताला आलेले हे ज्ञान मोजण्याची, त्याला नाव देण्याची आणि त्याचे वाढीव मोल चुकविण्याची कोणतीही सोय योजनेत नव्हती. अपवाद म्हणून फळबाग लागवडीकडे बोट दाखविता येईल. १९९० च्या सुमारास लागवडीचे काम रोजगार हमीशी जोडले गेले. शेतकरी स्वतःच्याच जमिनीत खड्डे खणू लागला, कलमे लावू लागला आणि त्याची मजुरीही घेऊ लागला. डाळिंब, बोर, आंबा, काजू यांच्या बागा त्यातून उभ्या राहिल्या. ज्याला बाग राखता आली त्याच्या हाती मजुरीखेरीज एक विद्याही राहिली. मात्र ही वाट ज्याच्या नावावर जमीन होती त्याच्यासाठीच खुली होती.

शिकविण्याच्या दालनातील कथा याच्या उलट आहे. १५ ऑगस्ट १९७९ रोजी केंद्र सरकारने ग्रामीण युवकांना स्वयंरोजगारासाठी प्रशिक्षण देण्याची योजना सुरू केली. ‘ट्रायसेम’ या आद्याक्षरी नावाने ती खेडोपाडी परिचित झाली. अठरा ते पस्तीस वयाच्या दोन लाख तरुणांना दरवर्षी शिकवावे, म्हणजे एका विकास गटातून सुमारे चाळीस जण निवडावेत, असे तिचे लक्ष्य होते. हेतू उत्तम होता. गावातल्या वाकबगार कारागिरालाच गुरू मानून त्याच्याकडे शिकाऊ उमेदवार पाठविण्याची तिच्यातील तरतूद तर आजही विचार करण्याजोगी आहे. तथापि लक्ष्य ठरले ते शिकणाऱ्यांच्या संख्येचे. शिकून झाल्यावर कोण काय करतो, हा प्रश्न हिशेबाच्या शेवटच्या स्तंभात गेला आणि शेवटच्या स्तंभाकडे कोणी फारसे पाहिले नाही. पुरुषांसाठी वायरिंग, सुतारी आणि सायकलदुरुस्ती, स्त्रियांसाठी शिवणवर्ग, असा साचा पडून गेला. ज्या गावात लग्नसराई सोडली तर एका शिंप्यालाही वर्षभर पुरेल इतके काम नसते, तेथे वीस स्त्रियांना शिवण शिकविले की उरलेल्या एकोणीस जणींनी काय शिवावयाचे, हे विचारण्याची जबाबदारी कोणाचीच नव्हती. विद्यावेतन मिळेपर्यंत वर्ग भरत. कर्जाचा अर्ज बँकेत पडून राही. आणि बँकेचा होकार येईपर्यंत शिकलेला हात पुन्हा बोथट होई. १ एप्रिल १९९९ रोजी ही योजना स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजनेत विलीन झाली. त्यानंतर नावे बदलत गेली, २०११ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियान आले, परंतु मूळ प्रश्न आपल्या जागी राहिला.

या दोन दालनांमधला दरवाजा म्हणून ज्यांच्याकडे पाहावे अशी सेवायोजन कार्यालये होती. ती मुळात खेड्यासाठी नव्हतीच. १९४५ मध्ये युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या पुनर्वसनासाठी त्यांचा जन्म झाला आणि नंतर ती सर्वांसाठी खुली झाली. १९५९ च्या कायद्याने मालकांनी रिकाम्या जागा कळविणे सक्तीचे केले. पण त्याच कायद्याने खाजगी क्षेत्रातील शेतीकामाच्या जागा, यंत्रचालकांचा अपवाद सोडल्यास, वगळल्या, घरकाम वगळले, आणि तीन महिन्यांहून कमी मुदतीचे कामही वगळले. खेड्यात ज्याला काम म्हणतात त्यातले बहुतेक या तीन वगळण्यांत संपते. नोंदणीपत्राची मुदत संपू नये म्हणून वर्षानुवर्षे जिल्ह्याच्या गावी खेपा घालणाऱ्या तरुणाला हे कोणी कधी सांगितले नाही, हा त्यातला अधिक दुःखाचा भाग होय.

येथे बलुतेदारीची आठवण होणे स्वाभाविक आहे. लोहाराचा मुलगा भात्यापाशी बसून शिके आणि शिकताक्षणीच त्याच्यापुढे गावभरच्या कुळवांचे, पाभरींचे काम वाढून ठेवलेले असे. शिक्षण, अवजार, गिऱ्हाईक आणि मोबदला या चारही गोष्टी एकाच घरात एकत्र होत्या. म्हणून त्या व्यवस्थेचे गोडवे गाणारे लोक आजही भेटतात. त्यांना एवढेच विचारावयास हवे की, लोहाराच्या मुलाला सुतार होता येत होते काय, आणि कोणाच्याही मुलीला ऐरणीपाशी बसता येत होते काय? महाराला जे काम वाट्याला येई ते त्याला नाकारता येत होते काय? ती व्यवस्था मोडली हे योग्यच झाले. मात्र त्या चार गोष्टींचा मेळ नव्या व्यवस्थेला जन्माचे बंधन न घालता नव्याने बसवावयाचा होता. तो प्रयत्न सरकारी योजनेपेक्षा तिच्या कडेला उभ्या असलेल्या काही ठिकाणी अधिक मनापासून झाला.

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातील पाबळ या कमी पावसाच्या गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. एका मोठ्या उद्योगातील संशोधकाची नोकरी सोडून आलेल्या या शास्त्रज्ञाची धारणा अशी होती की, हाताने केल्यावाचून मुलाला विज्ञान कळत नाही आणि गावाला उपयोगी पडल्यावाचून ते हाताने करण्याला अर्थ नाही. वेल्डिंग, बांधकाम, वीज, शेती, पशुपालन हे सारे एकाच विद्यार्थ्याने थोडेथोडे शिकावे, अशी तेथील रचना आहे. वरवर पाहता हे आजच्या विशेषीकरणाच्या विरुद्ध वाटते. वस्तुतः खेड्याची गरज हीच असते, कारण नुसत्या वेल्डरला एका गावात पोट भरता येत नाही, पण फाटक जोडणारा, पंप दुरुस्त करणारा आणि शेड उभारणारा एकच माणूस तेथे टिकून राहू शकतो. त्याहून महत्त्वाची बाब अशी की, पाबळच्या पद्धतीने शाळेतील मुलेही गावकऱ्यांची लहानमोठी कामे मोबदला घेऊन करतात. चूक झाली तर गिऱ्हाईक बोलते. ते बोलणे कोणत्याही परीक्षकाच्या गुणांहून अधिक शिकवून जाते.

दुसरे उदाहरण दक्षिण कन्नड जिल्ह्यातील उजिरे येथील. धर्मस्थळाशी संबंधित शिक्षणसंस्था आणि सिंडिकेट व कॅनरा या दोन बँका यांनी मिळून १९८२ मध्ये तेथे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था काढली. काही आठवड्यांचे मोफत निवासी शिक्षण ही तिची दृश्य बाजू. पण तिचे खरे बळ प्रमाणपत्र दिल्यानंतर सुरू होणाऱ्या पाठपुराव्यात होते. कर्ज देणारी बँकच संस्थेची जन्मदात्री असल्याने उमेदवाराचा अर्ज अनोळखी टेबलावर जात नसे, आणि धंदा सुरू झाला की नाही हे पाहण्यासाठी संस्थेची माणसे पुन्हा त्याच्या दारी जात. हा नमुना पुढे देशभर स्वीकारला गेला आणि बँकांनी जिल्ह्याजिल्ह्यांत अशा संस्था काढल्या. इमारतीची नक्कल सोपी असते. दारी जाण्याची नक्कल प्रत्येक ठिकाणी तितकीच साधली असे म्हणता येणार नाही.

राजस्थानातील तिलोनियाच्या संस्थेने, जी १९७२ पासून कार्यरत आहे, हाच प्रश्न आणखी वेगळ्या टोकाने हाताळला. काम आधी, शिक्षण मागाहून, अशी तिची रीत. गावात हातपंप आहेत आणि ते बिघडतात, हे ठरलेलेच. मग जिल्ह्याच्या गावाहून येणाऱ्या पथकाची वाट पाहण्याऐवजी गावातल्याच तरुणाला शिकवून काही पंप त्याच्याकडे सोपवावेत, असा आग्रह तिने धरला. उत्तर प्रदेशातील बांदा भागात १९९० च्या दशकात महिला समाख्या कार्यक्रमामुळे स्त्रियांनीही पान्हे हाती घेतले. शिवणवर्गाबाहेर स्त्रीला काही शिकविता येत नाही, हा समज खोटा ठरण्यास तेवढे पुरेसे होते.

अलीकडच्या काळात, विशेषतः २०१४ मध्ये दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना आल्यापासून, नोकरी मिळवून देण्यावर भर आला आहे. प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेने प्रशिक्षितांना कामाला लावलेही पाहिजे, ही अट जुन्या चुकीवरचा योग्य उपाय होय. परंतु ही नोकरी बहुधा दूरच्या शहरातील असते. गडचिरोली किंवा नंदुरबारहून निघालेली मुलगी परक्या भाषेच्या गावात, एका खोलीत सहा जणींसह राहते. पगाराचा मोठा भाग खोली आणि खाणावळ यांतच जातो. काही महिन्यांनी ती परतली तर ‘टिकाव धरला नाही’ असा शेरा तिच्या नावापुढे पडतो. खेडे सोडणे यात काही कमीपणा नाही. ज्या गावाने ज्यांना कधी माणूस म्हणून वागविले नाही, त्यांनी ते सोडले तर त्यांना दोष कोण देणार? आक्षेप आहे तो वेगळा. शहराला हवे असलेले मनुष्यबळ पुरविणे आणि खेड्यात रोजगार निर्माण करणे ही दोन निराळी कामे आहेत. पहिले करून दुसरे केल्याचा अहवाल लिहिला जातो, तेव्हा खेड्यात राहू इच्छिणाऱ्याचा हक्क गुपचूप नाहीसा होतो. आणि जी गेली तिच्यासाठीही शहरात राहण्याची जागा, तक्रार ऐकणारा माणूस आणि परतल्यावर पुन्हा उभे राहण्याची सोय हवी. नियुक्तिपत्र हातात पडले म्हणजे साहाय्य संपले, असे समजून चालत नाही.

मग करावयाचे काय? नव्या योजनेची, नव्या नावाची गरज दिसत नाही. खेड्यात सार्वजनिक काम भरपूर आहे आणि त्यातले पुष्कळसे कुशल आहे. शाळेचे गळके छप्पर, नळयोजनेचा पंप, पथदिवे, अंगणवाडीचे फाटक, बंधाऱ्याच्या फळ्या, दूध संस्थेची यंत्रे, आता ठिकठिकाणी बसलेले सौरपंप, या सर्वांची देखभाल होते ती बहुधा तालुक्याच्या ठेकेदाराकडून, आणि तीही उशिरा. याच कामांची यादी ग्रामपंचायतीने आधी करावी, त्या यादीवरून कोणाला काय शिकवावयाचे ते ठरवावे, आणि शिकलेल्यास दोन वर्षे ते काम ठरावीक दराने द्यावे. हजेरीपटावर वर्षानुवर्षे राबलेल्या मजुरांतून गवंडी आणि मुकादम निवडून त्यांच्या कसबाची परीक्षा कामावरच घ्यावी, आणि उत्तीर्ण झालेल्यास त्याच दिवसापासून वरचा दर लागू करावा. तालुक्याला असा एक माणूस असावा की ज्याच्या कामाचे मोजमाप वर्ग किती भरले यावरून न होता, दोन वर्षांपूर्वी शिकलेल्यांपैकी किती जण तेच काम करीत आहेत यावरून होईल.

या सर्वांत अडचण येईल ती पैशाच्या बाबतीत, आणि तीही रकमेपेक्षा वेळेच्या बाबतीत. ठेकेदाराला सहा महिने थांबणे परवडते. त्याच्यामागे बँक असते, दुसरी कामे असतात. नुकत्याच शिकलेल्या वायरमनने स्वतःच्या खिशातून तार आणि होल्डर आणून पथदिवे लावले, आणि बिलावर ग्रामसेवकाची सही, मग पंचायत समितीची, मग निधी येण्याची वाट, असे करीत पोळ्यापासून होळीपर्यंतचा काळ गेला, तर पुढच्या वेळी दिवे गेल्यावर गावाने त्याला बोलावणे धाडले असता तो चाकणच्या कारखान्यात रात्रपाळीला असेल.