मांजर टाटा करत नाहीये

दुकानाच्या काउंटरवर पंजा हलवणारी सोनेरी मांजर तुम्ही पाहिली असेल. ती टाटा करतेय असं आपल्याला वाटतं. पण जपानी माणूस तळवा खाली ठेवून बोटं हलवतो, तेव्हा तो ‘इकडे ये’ म्हणत असतो. ती मांजर, मानेकी-नेको, गिऱ्हाइकाला बोलावतेय. अर्थ न विचारता वस्तू उचलली की बोलावण्याचाही निरोप होतो.

हल्ली वाढदिवसाला ‘हटके जपानी गिफ्ट’ मागवायची टूम आहे. माझं भांडण जपानशी नाही, जपान अर्धवट उचलण्याशी आहे.

दारुमा घ्या. हा लाल, गोल बाहुला म्हणजे बोधिधर्म, परंपरेनुसार दक्षिण भारतातून चीनला गेलेला भिक्षू. बाहुला विकत मिळतो तेव्हा त्याचे दोन्ही डोळे कोरे असतात. संकल्प सोडताना एक डोळा रंगवायचा आणि तो तडीस गेला की दुसरा. आपण मात्र दोन्ही डोळे आधीच रंगवलेलं किचेन मागवतो. संकल्प नाही, वाट पाहणं नाही, नुसता लाल गोळा! पोलीस भरतीची किंवा एमपीएससीची तयारी करणाऱ्या मित्राला दारुमा जरूर द्या. पण कोऱ्या डोळ्यांचा द्या आणि पहिला डोळा त्यालाच रंगवू द्या.

जपानी लोक प्रवासाहून घरच्यांसाठी, ऑफिसातल्यांसाठी ‘ओमियागे’ आणतात. बहुतेकदा त्या गावचा खाऊच असतो. हा शब्द लिहिताना दोन चिन्हं वापरतात: एकाचा अर्थ माती, दुसऱ्याचा उत्पन्न. म्हणजे भेट त्या मातीतून आलेली हवी. जपानकडून काही उचलायचंच असेल तर हे उचला.

आणि मग मंद्रूपहून पुण्याला जाताना बॅगेत काय भराल? उखळात कुटलेली शेंगाचटणी, ज्वारीची कडक भाकरी, सोलापुरी चादर. चादरीला 2005 साली भौगोलिक मानांकन मिळालं, मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली. तरी रूममेटला चटणी द्यायला आपण लाजतो आणि प्लास्टिकची मांजर मिरवत देतो.

कुणी म्हणेल, आपला आहेर तरी कुठं धड आहे? या लग्नातला टॉवेल त्या लग्नात, ब्लाउजपीस तर तालुकाभर फिरून परत घरी. खरं आहे. पण दोष टॉवेलचा नाही, न निवडता देण्याचा आहे. सोलापुरी म्हणून विकली जाणारी प्रत्येक चादर सोलापूरच्या मागावरची नसते. ती कुठल्या मागावर विणली, हे दुकानदाराला विचारायला दोन मिनिटं लागतात. तेवढं आपण विचारलं नाही, तर विणणाऱ्यानं माग कुणासाठी चालू ठेवायचा?

वेष्टनाचंही तेच. 2006 साली जपानच्या पर्यावरणमंत्री युरिको कोइके यांनी प्लास्टिक पिशवीऐवजी फुरोशिकी वापरा, असा प्रचार केला. फुरोशिकी म्हणजे सामान बांधायचं चौकोनी कापड. शेतात फडक्यात भाकरी बांधून नेणाऱ्या आमच्या आज्यांना हे कुणी शिकवायची गरज नव्हती. आपण मात्र तेच कापड जपानी नावानं ऑनलाइन मागवतो आणि ते प्लास्टिकच्या पाकिटातून घरी येतं.

पुढच्या वाढदिवसाला चटणीची बरणी सुती फडक्यात बांधा, वर घट्ट गाठ मारा आणि कुणी कुटली तिचं नाव सांगून द्या. यापेक्षा जपानी गिफ्ट मला तरी माहीत नाही.