अवलंबनाची कसोटी

विवरणपत्रांचा हंगाम आला की कोरेगाव, कराड, तासगाव, वाळवा या तालुक्यांतून सातारा-सांगलीच्या करसल्लागारांकडे येणाऱ्या अशिलांचा एक प्रश्न ठरलेला असतो : "साहेब, अपंग भावाला आम्हीच सांभाळतो, त्याची सूट आम्हांला मिळेल ना?" विचारणारा बहुधा प्रामाणिक असतो, आणि म्हणूनच त्यास उत्तर देताना आपण अधिक दक्षता बाळगली पाहिजे, असे आम्हांस वाटते.

१९६१ च्या आयकर कायद्याचे कलम ८०-डीडी व्यक्तीच्या बाबतीत पती वा पत्नी, मुले, आईवडील, भाऊ आणि बहिणी एवढ्यांनाच अवलंबित मानते. किमान ४० टक्के अपंगत्वास ७५,००० रुपये आणि ८० टक्के वा अधिक असल्यास १,२५,००० रुपये अशी वजावट ते देते. प्रत्यक्ष खर्चाच्या आकड्यानुसार ही रक्कम बदलत नाही. मात्र ती व्यक्ती संपूर्णतः वा मुख्यत्वे करदात्यावर अवलंबून असली पाहिजे, आणि तिने स्वतः कलम ८०-यूखाली वजावट घेतलेली नसावी.

नात्याचा दाखला सहज मिळतो. खरी परीक्षा अवलंबनाची. थोरला भाऊ पुण्यास नोकरीला, धाकटा दिव्यांग भाऊ गावी, सातबाऱ्यावर दोघांची नावे आणि कारखान्याचे ऊसबिल धाकट्याच्या खात्यावर जमा, अशी घरे या दोन जिल्ह्यांत विपुल आहेत. शेतीचे उत्पन्न करमुक्त, सबब ते येथे विचारात घेण्याचे कारण नाही, अशी समजूत काही व्यवसायबंधूंचीही दिसते. ती आम्हांस ग्राह्य वाटत नाही. करमुक्तता ही आकारणीची बाब आहे. माणसाचा निर्वाह कशावर चालतो, ही वस्तुस्थितीची. कायद्याने येथे उत्पन्नाची कोणतीही मर्यादा आखून दिलेली नाही. म्हणून बिलातून सोसायटीचे पीककर्ज वळते झाल्यावर धाकट्याच्या हाती काय उरते, आणि औषधोपचाराचा व सोबतीच्या माणसाचा खर्च कोण सोसतो, याची रुजवात खातेपुस्तकावरूनच घातली पाहिजे. ती घातल्यावर पुष्कळदा थोरल्याचा हक्क अधिक भक्कम ठरेल. क्वचित तो मुळीच उरणार नाही.

घरातील दिव्यांग विधवा चुलती पुतण्याच्या वैयक्तिक विवरणपत्रात बसत नाही, मग त्याने तिला आईप्रमाणे सांभाळले असले तरी. परंतु एकत्र हिंदू कुटुंबाची स्वतंत्र आकारणी होत असेल, आणि ती त्या कुटुंबाची सदस्य असून मुख्यत्वे त्यावरच अवलंबून असेल, तर कुटुंबास ही वजावट मिळू शकते. उलटपक्षी, आईवडिलांच्या आरोग्यविम्यासाठी कलम ८०-डी अवलंबनाची अटच घालीत नाही, हे अनेक अशिलांस ठाऊक नसते. आणि नव्या करप्रणालीत यांपैकी काहीच मिळत नसल्याने, दोन्ही प्रणालींचा हिशेब मांडल्यावाचून सल्ला देणे हे कर्तव्यात कसूर करणे होय.

१ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा अंमलात येत असला, तरी आर्थिक वर्ष २०२५-२६ चे विवरणपत्र जुन्या कायद्याखालीच भरावयाचे आहे. व्यवसायबंधूंस आमची विनंती एवढीच की, अपंगत्वाचा वैध दाखला, बँकेचे उतारे, सातबारा आणि ऊसबिले यांची खातरजमा केल्याखेरीज कोणाचेही नाव अवलंबित म्हणून लिहू नये. आणि ती झाल्यावर, चौकशीच्या भयाने कोणाचा न्याय्य हक्क बुडूही देऊ नये.