अबोला नव्हे, उसंत

शाळेतून परतलेल्या मुलाला ‘आज काय झाले?’ असे विचारले की बहुधा ‘काही नाही’ एवढेच उत्तर येते. मग दुसरा प्रश्न, लगेच तिसरा, आणि पाठोपाठ उपदेश. ही उलटतपासणी मायेपोटीच होते. पण तिने साक्षीदार अधिकच मिटतो.

वर्गात झालेला अपमान, तुटलेली मैत्री, ओळखीच्याच माणसाचा नकोसा स्पर्श, यांतले भय कोणते आणि लाज कोणती हे मुलाचे त्यालाच उमगलेले नसते. शब्द जुळवायला त्याला अवधी हवा असतो आणि नेमका तोच अवधी मोठी माणसे स्वतःच्या बोलण्याने भरून टाकतात.

अमेरिकेतील मेरी बड रो या विदुषींनी विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती अभ्यासून १९७४ साली आपले निष्कर्ष मांडले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबत. तीन सेकंद थांबू लागताच उत्तरे लांबली. एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागली. विज्ञानाच्या प्रश्नाची ही कथा, तर मनातल्या सलाला किती वेळ लागत असेल!

मुंबईत १९९६ साली सुरू झालेल्या चाइल्डलाइनच्या १०९८ या क्रमांकावर पलीकडून कोणीच बोलत नाही असे दूरध्वनी पुष्कळ येत आले आहेत. ते खोडसाळपणाचे समजून तोडायचे नसतात. दोन-तीनदा गप्प राहिलेले मूल पुढे बोलतेही. लैंगिक अत्याचारांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्यानुसार साक्ष देणाऱ्या बालकाला न्यायालय वारंवार विश्रांती देऊ शकते. न्यायासनाला जी उसंत देता येते, ती घराला का जमू नये?

अर्थात आपल्या घरांतून मौन अपरिचित नाही. चुकलेल्या पोराशी धरलेला अबोला सर्वांना ठाऊक आहे. तो शिक्षा असतो, आणि मुलांना हा फरक पाठ फिरवण्याच्या ढंगावरूनही कळतो. वाट पाहणारी माणसे समोरासमोर बसून तोंडाकडे टक लावीत नाहीत. शेंगा सोलताना, वह्यांना कव्हरे घालताना शेजारी बसले तरी पुरते. साठ मुलांच्या वर्गात शिक्षकाने हे कसे साधावे, हा आक्षेप रास्तच आहे. मधल्या सुट्टीतली पाच मिनिटे मात्र त्याच्या हाती असतात.

अंगावर वळ दिसत असतील, किंवा मूल जीव देण्याची भाषा करीत असेल, तर मात्र वाट पाहत बसू नये. तेथे त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, १०९८ फिरवावा.