नकाशातील काटकसर

भविष्यनिर्वाह निधी आणि कर्ज यांच्या बळावर घर उभारणारा शिक्षक वा कारकून बहुधा एकाच ठिकाणी हात आखडता घेतो, तो तपशीलवार आराखड्यावर. मंजुरीपुरता नकाशा मिळाला की उरलेले सारे मिस्त्रीच्या अनुभवावर सोपविले जाते. ही काटकसर नव्हे. लोखंड किती, तुळई कोणत्या मापाची, हे आधी ठरले नसेल तर ठेकेदारांच्या दरांची तुलना निरर्थक ठरते आणि प्रत्येक बदल 'जादा काम' म्हणून बिलात चढतो. कागदावरची रेघ पुसता येते. विटांची भिंत फोडावी लागते.

प्रश्न केवळ पैशाचा नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती कोसळून हजारो माणसे दगावली. दोन्ही अंगांना सांधणारे आरपार दगड आणि दारांच्या माथ्यावरून सर्व भिंतींना गुंफणारा सलग काँक्रीटचा पट्टा अशा भिंतींना तगवू शकतो. परंतु गिलावा झाल्यावर या गोष्टी दिसत नाहीत. त्या आराखड्यात नसतील तर झाल्या की नाही हे घरमालकाने तपासावे कशाच्या आधारे? म्हणून पाया खणण्यापूर्वी तपशीलवार आराखडा हाती असलाच पाहिजे.